माहिती निवडण्याचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात, सोलापूर येथे केलेले भाषण)



आजच्या या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. गुणवंतांचे कौतुक करावे, त्यांना आशीर्वाद द्यावेत आणि खाली बसावे, एवढेच खरे तर माझ्यासारख्या सेवानिवृत्त गणितशिक्षकाचे काम. परंतु आयुष्यभर माध्यमिक शाळेत फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य समोर मुले बसलेली पाहिली की एखादा पाठ घेतल्यावाचून राहत नाही. तेव्हा आजही एक पाठ घेणार आहे, आणि तो मुलांइतकाच वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

पाठाचा विषय आहे माहिती स्वच्छ करणे व ती उपयोगासाठी तयार करणे. जिला आजकाल सर्रास डेटा म्हणतात, परिभाषाकार जिला विदा म्हणतात आणि शालेय गणितात जिला सामग्री म्हणतात, त्याच माहितीविषयी मी बोलत आहे. ही माहिती कशी निवडावी, पाखडावी आणि रचून ठेवावी, हे आपल्या मुलांना आठवी ते दहावीच्या वयातच शिकविले पाहिजे, असे माझे नम्र मत आहे. हे मत मी प्रथम मांडले तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, “गुरुजी, पोरांना यंत्रविद्या शिकवायची की कारकुनी?” प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो.

ज्वारी गिरणीत पाठविण्यापूर्वी आपल्या घरातील माउली ती सुपात घेते, पाखडते, खडे वेचते, किडका दाणा बाजूला काढते. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही नामांकित असली तरी तिच्यातला खडा तो खडाच, आणि भाकरीत आला की दाताखाली लागावयाचाच. गिरणीला खडा आणि दाणा यांतील भेद कळत नाही. ती दोन्ही सारख्याच इमानाने दळते. संगणकाचेही तसेच आहे. या शहरात मागाचा आवाज ऐकत वाढलेल्यांना तर मी वेगळे सांगावयास नको. माग चालतो तो सर्वांना दिसतो. परंतु त्याआधी सूत उकलणे, ताणा करणे, त्याला खळ देणे, तुटलेले धागे सांधणे आणि कांड्या भरणे ही कामे व्हावी लागतात. ती नीट झाली नसतील तर उत्तम मागावरही कापड बिघडते. चादरीची कीर्ती होते, कांडी भरणारीचे नाव कोणी घेत नाही. माहितीच्या व्यवसायातही बहुतांश वेळ जातो तो या पूर्वतयारीत.

मग शाळेत हे शिकवीत नाहीत काय? नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकी हा भाग आहे. मध्य, मध्यक, बहुलक काढण्याच्या रीती त्यात आहेत, आणि त्या आवश्यकही आहेत. परंतु उदाहरणात दिलेले आकडे आधीच निवडलेले असतात. ‘४० विद्यार्थ्यांची उंची खालीलप्रमाणे आहे’ असे म्हटले की चाळीसच्या चाळीस उंच्या सेंटिमीटरमध्ये, एकही जागा रिकामी नाही, एकही नाव दोनदा आलेले नाही. व्यवहारात अशी यादी मला आजवर आढळली नाही. आपण मुलांना दळण शिकवितो, निवडण शिकवीत नाही.

निवडण केले नाही म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या राज्याच्या अगदी जवळचे आहे. २०११ साली देशात सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली. पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी त्या गणनेची जातविषयक माहिती मिळावी, म्हणून महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने तेथे प्रतिज्ञापत्र दाखल केले. त्यात म्हटले होते की, १९३१ च्या जनगणनेत देशातील जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ च्या नोंदींत मात्र ती ४६ लाखांहून अधिक भरली! एकट्या महाराष्ट्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्या याद्यांत मिळून ४९४ नावे असताना नोंदल्या गेलेल्या जाती ४,२८,६७७ होत्या. श्रोतेहो, ऐंशी वर्षांत या देशात लक्षावधी नव्या जाती जन्मल्या, असा याचा अर्थ नव्हे. गणनेपूर्वी जातींची एक प्रमाण यादी केलेली नव्हती. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी कुळ, कोणी गोत्र, तर कोणी आडनावच सांगितले. आणि लिहिणाऱ्याने ते आपल्या कानाला जसे लागले तसे लिहिले. एकच नाव दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिले की यंत्राच्या लेखी त्या दहा जाती झाल्या. ही माहिती विश्वासयोग्य नाही, असे केंद्राचे म्हणणे पडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने राज्याची मागणी अमान्य केली. आरक्षणाच्या प्रश्नावर मते भिन्न असू शकतील; तो आजचा विषय नाही. परंतु घरोघर जाऊन गोळा केलेली माहिती नेमकी गरज पडली त्या दिवशी हाती लागू नये, याबद्दल कोणत्याही पक्षाच्या माणसाला खंदच वाटावी.

आता ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली. आपल्या दारी येणाऱ्या प्रगणकाला आपण काय सांगणार, घरातील सर्वजण एकच उत्तर देणार की प्रत्येकजण निराळे, हा प्रश्न म्हणूनच ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून विचारणे मला योग्य वाटते.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविणाऱ्याने आपले मुसळ लपवू नये. माझ्या हातून घडलेली एक चूक आज या सभेपुढे सांगणार आहे. काही वर्षांपूर्वी गरजू विद्यार्थ्यांना फीसाठी साहाय्य देण्याकरिता आलेल्या अर्जांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. कागदावरची नावे संगणकावर चढवून, दोनदा आलेली नावे गाळून ती पुढे पाठवावयाची होती. यादीत एके ठिकाणी एकाच मुलीचे नाव लागोपाठ दोनदा आलेले दिसले. नाव तेच, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर ‘म’ तेच, आडनाव तेच, पेठ व घरक्रमांकही तोच. मी एक ओळ पुसून टाकली आणि आपण चोख काम केले म्हणून मनात संतोषही मानला.

ती एक मुलगी नव्हती. त्या दोन चुलत बहिणी होत्या. दोघींना आजीचेच नाव ठेवलेले. एकीचे वडील मल्लिकार्जुन, दुसरीचे महादेव. मूळ अर्जांवर ती नावे पूर्ण होती. जागा वाचावी म्हणून यादीत आद्याक्षरे घालणारा मीच, आणि त्या आद्याक्षरांवर विश्वास ठेवून ओळ पुसणाराही मीच. एकीला मदत मिळाली, दुसरीला मिळाली नाही. दुसरीच्या घरच्यांनी वाटून घेतले की आपला अर्ज नामंजूर झाला असावा. विचारावयास कोणी आले नाही. त्या वर्षीची फी त्या मुलीच्या आईने रात्री टॉवेलांच्या कडा शिवून भरली. हे मला कळले ते वर्ष संपताना, तेही सहज बोलता बोलता. दुसऱ्या वर्षी तिचे नाव मी स्वतः घातले. मुलगी हुशार होती, शिकली. परंतु त्या माउलीच्या जागरणाची भरपाई कोणत्या यादीत करावयाची?

त्या दिवसापासून मी नववीच्या वर्गात सांख्यिकीचा पाठ निराळ्या तऱ्हेने सुरू केला. आकडेवारी स्वच्छ करणे हे हिशेबाचे काम आहेच, परंतु प्रत्येक ओळीमागे एक मनुष्य उभा आहे, हे आधी मनात बिंबले पाहिजे. मग काय शिकविले, ते थोडक्यात सांगतो.

पहिला नियम आपल्या जुन्या पेढ्यांकडून घेतलेला आहे. कीर्द आणि खतावणी या दोन वह्या निराळ्या असत. रोजचा व्यवहार जसा घडला तसा कीर्दीत. त्याची वर्गवारी खतावणीत. खतावणी चुकली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येई, परंतु कीर्दीला हात लावावयाचा नाही. चुकलेला आकडा खरवडून काढावयाचा नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा, म्हणजे जुना आकडाही वाचता येतो. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो. मूळ यादी जशीच्या तशी जपून ठेवावी, काम तिच्या नकलेवर करावे, आणि काय बदलले, कोणी बदलले, कशासाठी बदलले, याची निराळी टाचणवही ठेवावी. मी मूळ अर्ज पुन्हा काढून पाहिले असते आणि पुसलेल्या ओळीचे टाचण ठेवले असते, तर माझी चूक त्याच आठवड्यात ध्यानात आली असती.

दुसरी गोष्ट एकरूपतेची. आपल्या जिल्ह्यात ११ तालुके आहेत. वर्गातील मुलांना मी सांगितले, प्रत्येकाने आपल्या आजोळचा तालुका कागदावर लिहून द्यावा. चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या, तो तालुके अकराहून अधिक! कोणी सांगोला लिहिले, कोणी सांगोले. कोणी मंगळवेढा, कोणी मंगळवेढे. माढा आणि माढे, करमाळा आणि करमाळे. एकाने ‘द. सोलापूर’ लिहिले, दुसऱ्याने ‘दक्षिण सोलापूर’, आणि तिसऱ्याने नुसतेच ‘सोलापूर’. सांगोला-सांगोले हे एकच, हे मुले लगेच ओळखतात. परंतु नुसते ‘सोलापूर’ म्हणजे शहर, उत्तर तालुका, दक्षिण तालुका की जिल्हा? येथे तर्क चालत नाही. ज्याने चिठ्ठी लिहिली त्यालाच विचारावे लागते. स्वच्छतेतील कोणते काम नियमाने करता येते आणि कोठे विचारावेच लागते, हा विवेक त्या एका तासात मुलांना आला. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषा नांदणाऱ्या आपल्या शहरात नावांची हीच गत होते. घरी एका भाषेत हाक मारलेले नाव शाळेत दुसऱ्या लिपीत लिहिले जाते आणि बँकेत तिसऱ्या. ‘मल्लिकार्जुन’ हे नाव मी स्वतः पाच तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे.

तारखांचेही तसेच. ३/४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, तर अमेरिकी रीतीने लिहिणाऱ्याच्या लेखी चार मार्च. संगणकाला कोणती रीत सांगितली आहे ते आधी पाहावे लागते. मापांचीही गोष्ट अशीच आहे. एकाने जमीन एकरात लिहिली, दुसऱ्याने हेक्टरात, तिसऱ्याने गुंठ्यांत. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर. हे एका मापावर न आणता बेरीज केली तर गरीब श्रीमंत ठरेल आणि श्रीमंत गरीब. ही चूक लहान मुलेच करतात असे समजू नका. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे पाठविलेले एक यान नष्ट झाले, कारण एका बाजूचे आकडे इंग्रजी मापात होते आणि दुसऱ्या बाजूने ते मेट्रिक मापातले समजून वापरले होते.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. पावसाच्या नोंदीत एखाद्या दिवशी काही लिहिलेले नाही. याचा अर्थ पाऊस पडला नाही असा, की त्या दिवशी मोजणारा आला नाही असा? शून्य ही माहिती आहे. रिकामी जागा म्हणजे माहितीचा अभाव आहे. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा भेद न कळणे परवडणारे नाही. बरीच वर्षे गावाची पैसेवारी ५० पैशांहून कमी आली की टंचाईच्या सवलती मिळत असत. त्या एका आकड्यावर गावाचे वर्ष अवलंबून असे.

चौथी गोष्ट जगावेगळ्या आकड्याची. रांगेत न बसणारा आकडा दिसला की तो काढून टाकण्याचा मोह होतो. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. उपग्रहानेही ते कमी आकडे टिपले होते. परंतु इतके कमी आकडे संभवत नाहीत, या समजुतीने त्यांवर शंकेची खूण पडत होती. ज्याला आपण खडा समजलो तोच दाणा निघाला. उलटपक्षी, साध्यासरळ दिसणारा आकडाही कधी फसवितो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती वेळा आढळते, ते पाहावे. या सभागृहातच अनेक जण एकाच दिवशी जन्मलेले निघतील! त्या काळी शाळा जूनमध्ये सुरू होत, जन्मतारीख घरी ठाऊक नसे, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. ती तारीख आपल्याला जन्माविषयी काही सांगत नाही. नोंद कशी झाली ते सांगते. हे ज्याला कळले त्याला माहितीशास्त्राचे मर्म कळले.

मित्रहो, ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी याच सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास केला, आणि तो ग्रंथरूपाने १९६५ साली प्रसिद्ध झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातील पीक प्रत्यक्ष कापून, तोलून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या शास्त्रीय पद्धतीला आकार दिला, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जगाच्या अन्नाची आकडेवारी सांभाळली. कलकत्त्यास १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस पाहणीचे स्वतंत्र भाग निरनिराळ्या तुकड्यांकडे सोपवून त्यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहत. या थोर पुरुषांनी नोंद तपासण्यात कमीपणा मानला नाही. माझ्या त्या स्नेह्याला माझे उत्तर एवढेच की, याला कारकुनी म्हणावयाचे असेल तर म्हणा. परंतु ही कारकुनी ज्याला येते त्याच्याच हाती पुढे यंत्रविद्या शोभते.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवून मी माझे भाषण आवरते घेतो. आपल्या मंडळाची कुटुंबसूची अनेक वर्षांची आहे. तीत दिवंगतांची नावे आहेत, विवाहित कन्यांची नाहीत. एकत्र राहणारी घरे आता विभक्त झाली आहेत. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात विधवा भगिनींऐवजी कोठे दिराचे तर कोठे अल्पवयीन पुत्राचे नाव आहे. सुटीच्या काळात आठवी ते दहावीच्या आपल्याच विद्यार्थ्यांकडून ही सूची स्वच्छ करून घ्यावी. आधी कागद-पेन्सिलीने, मग संगणकावर. दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात, एकाच पानाचे काम दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे करावे आणि मग ताडून पाहावे.

यात दोन पथ्ये पाळावीत. उत्पन्न, आजार, दूरध्वनी, आधार क्रमांक असले रकाने मुलांच्या हाती देऊ नयेत. नावाऐवजी क्रमांक घालून जेवढे आवश्यक तेवढेच द्यावे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, हा आपला जुना संस्कार आहेच. दुसरे पथ्य असे की, कोणतीही ओळ गाळण्यापूर्वी त्या घरी जाऊन विचारावे. एका नावाच्या दोन मुली असू शकतात.

आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांच्यापैकी किती जण पुढे वैद्य होतील, अभियंते होतील, व्यापारी होतील, ते मला सांगता येणार नाही. परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी इतरांच्या नावांची एक यादी येईल. त्या वेळी घाईने रेघ मारण्यापूर्वी त्यांचा हात क्षणभर थांबावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. तेवढे साधले तर आजचा तास वाया गेला नाही असे मी समजेन.